कारवानीचं पिल्लू ‘नैसर्गिक’ वाढवायचं म्हणजे नक्की काय करायचं

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: तीन महिन्यांचं कारवानी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. देशी जात, मुळात काटक. मग लस, जंताच्या गोळ्या, गोचिडाची औषधं यातलं काहीच न देता त्याला वाढवता येईल का? कच्चं मांस, हळद, लसणाचा रस आणि अंगाला कडुलिंबाचं तेल एवढ्यावर भागेल का? गावाकडे कोण लस देतं, तरी तिथली कुत्री ठणठणीत असतात, असंही त्यांनी पुढे लिहिलंय.

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला. वडील कारवानी पाळायचे, त्यांच्यानंतर मी धरलं त्याला 27 वर्षं झाली. आज दारात 11 जनावरं आहेत आणि त्या सगळ्यांची औषधं बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतात. तेव्हा तुमचा प्रश्न मला अजिबात वेडगळ वाटत नाही. पण तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गफलत तिथेच आहे. गावाकडची कुत्री ठणठणीत दिसतात, कारण जी नव्हती ती तुम्हाला दिसतच नाहीत. वडिलांच्या काळात एका वेतात 8 पिल्लं झाली तर वर्ष फिरेस्तोवर दोन-तीन उरायची. बाकीची बांधाच्या कडेला पुरलेली. मी लहान असताना तो खड्डा काढायचं काम माझ्याकडे असायचं. निसर्ग कारवानीला असा काटक करत आलाय. तुमच्याकडे पिल्लू एकच आहे. ते उरणाऱ्या तिनांतलं की जाणाऱ्या पाचांतलं, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

मग माझ्या डब्यात औषधं कमी का? त्यातलं निम्मं काम पिल्लू जन्मायच्या आधी उरकलेलं असतं. कुठल्या मादीला कुठला नर लावायचा, आणि त्याहून महत्त्वाचं, कुणाला लावायचाच नाही. पिलपणी जिच्या अंगभर लूत पसरली तिची वेतं मी घेत नाही. डोळ्याजवळ रुपयाएवढा चट्टा येऊन आपोआप गेला तर हरकत नाही. त्या लुतीचा किडा जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या कातडीत असतोच. तो सगळ्या अंगावर उसळतो तेव्हा आतली ताकद कमी पडलेली असते, आणि ती कमजोरी पिल्लांत उतरते. जिला व्यायला एकदा डॉक्टर लागला तिला मी दुसरी संधी देतो, तिसरी देत नाही. नर बघताना डोकं आणि शेपूट मी शेवटी बघतो. आधी त्याला दुपारच्या उन्हात ढेकळांतून पळवतो आणि सावलीला आणून बसतो. किती वेळात धाप शांत होते, तळवे फुटलेत का, पाणी पिऊन लगेच ओकतो का, एवढं बघितलं की बाकीचं दिसायला लागतं.

यात मी स्वतः माती खाल्लेली आहे. 2004 साली माझ्याकडे बाजी नावाचा नर होता. तसा कुत्रा मी परत पाहिला नाही. हाव सुटली आणि त्याच्याच मुलीला, पवळीला, त्याला लावलं. पिल्लं 7 झाली. दोन मेलेलीच आली. एकाचा टाळू फाटलेला, दूध नाकातून बाहेर यायचं. दोन नरांची एकेकच गोटी खाली उतरली. उरलेली दोन दिसायला हुबेहूब बाजी, पण एक सहा महिन्यांची होईस्तोवर सारखी हगवणीने हैराण. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण लावले की पिल्लात जनुकांच्या दर चार जोड्यांतली एक जोडी दोन्हीकडून एकच येते, म्हणजे 25 टक्के. सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत भावंडांत सव्वासहा. हे गणित मला पुढे एका पशुवैद्यकाने पाटीवर मांडून दाखवलं. तेव्हापासून शंभर पानी वही ठेवलीय. प्रत्येक वेताचे आई-बाप, पिल्लं किती, मेली किती, कशाने, सगळं त्यात आहे. लोक माझ्याकडे पिल्लू बघायला येतात, ती वही बघायला मात्र कुणी मागत नाही.

आणि आता तर कुणाला वेळही नाही. 2016 मध्ये मुधोळची पिल्लं सैन्याच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, 2020 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून मुधोळचं नाव घेतलं, आणि आमच्याकडे गाड्यांची रांग लागली. (मुधोळ हाउंड आणि कारवानी हे एकच. एक केनेल क्लब कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदवतो, दुसरा मुधोळ हाउंड म्हणून, आणि आम्ही कारवानी म्हणतो.) मागणी वाढली तशी एकेका मादीची वर्षाला दोन-दोन वेतं निघायला लागली. खरं तर 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. ज्या मादीला दोन वेतांत दम मिळत नाही तिची पिल्लं तुम्ही कितीही नैसर्गिक वाढवा, खुंटलेली ती खुंटलेलीच. शिवाय उंची वाढावी म्हणून ग्रेहाउंडचं रक्त घालणारेही झालेत. कुत्रं उंच आणि वेगाला भारी होतं, पण आमच्या दगडाधोंड्यांत तळवे सोलून घेतं.

तुमचं पिल्लू आता आलेलंच आहे, तेव्हा हा भाग तुमच्या हातून गेलाय. निदान हे त्याच्या आईचं कितवं वेत होतं आणि ती बापाची कोण लागते, एवढं देणाऱ्याला विचारा. त्याला राग आला तर उत्तर मिळालं असं समजा.

आता खाणं. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला मोठं पातेलं चुलीवरून उतरतं. त्यात कोंबडीचे पाय, माना, कधी बोकडाची वजडी, मूठभर भोपळा किंवा शेवग्याचा पाला, हळद चिमूटभर, मीठ जवळजवळ नाहीच. हे कोमट झालं की त्यात ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी कुस्करायची. गरोदर आणि पाजणाऱ्या माद्यांना वर अंडी. सकाळी ताक-भाकरी. पूर्वीच्या लोकांनी नुसत्या ताक-भाकरीवर कुत्री पाळली हे खरं, पण ती कुत्री दिवसभर रानात उंदीर, घोरपड, मेलेलं ढोर जे मिळेल ते खायची. तुमचं पिल्लू सोसायटीच्या आवारात काय खाणार? वाढत्या वयात नुसती भाकरी देऊन त्याला वाकड्या पायाचं करू नका. भाकरी कुत्र्याला पचतच नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. माणसाच्या संगतीत राहून कुत्र्याच्या अंगात पिठूळ अन्न पचवणारी जनुकं लांडग्यापेक्षा कितीतरी वाढलीत, हे 2013 साली संशोधनातून स्पष्ट झालंय. पीठ शिजलेलं मात्र हवं.

कच्च्या मांसाबद्दल माझं मत कडक आहे आणि त्याला कारण आमचा मुलूख आहे. इथे मेंढरं भरपूर. मेंढी-बोकडाच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि फुफ्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी सापडतात. खाटीक त्या काढून कुत्र्यापुढे टाकतो. त्या गाठीत चपट्या जंताची अळी असते. कुत्र्याच्या आतड्यात तिचे तांदळाच्या दाण्याएवढे जंत होतात, कुत्र्याला काही त्रास होत नाही, पण त्यांची अंडी विष्ठेतून आणि केसांना चिकटून माणसाच्या पोटात गेली की तशीच गाठ माणसाच्या काळजात वाढते. वर्षानुवर्षं कळत नाही आणि शेवटी ऑपरेशन. आमच्या भावकीत एकाचं झालंय, नारळाएवढी गाठ निघाली. त्या दिवसापासून माझ्याकडे वजडी-काळीज कच्चं टाकायचं बंद. निदान अर्धा तास उकळी, मगच ताटात. या जंताला साधी जंताची गोळी लागू पडत नाही, प्राझीक्वांटेल असलेली लागते. गोळी घेताना तेवढं विचारून घ्या. आणि शिजवलेलं हाड कधी देऊ नका. शिजलं की ते ठिसूळ होतं आणि काचेसारखं फुटतं. पातेल्यातल्या माना-पायांची हाडं मी काढून टाकतो.

लसणाचं विचारलंत. कांदा आणि लसूण दोन्हींत कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडणारं द्रव्य असतं. भाजीतली एक पाकळी गेली म्हणून कुत्रं मरत नाही, पण रोज नेमाने रस पाजायचा हा काय प्रकार? त्याच्याने गोचीड पळतात असं म्हणतात. मी दोन वर्षं करून बघितलं, गोचिडांना काही फरक पडला नाही. याहून मोठा धोका आमच्या घरात आहे, तो म्हणजे बेदाणा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. काही कुत्र्यांना मूठभर खाऊनही काही होत नाही, काहींना थोडक्यातच होतं, आणि आपलं कुठल्यातलं ते आधी कळत नाही. बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रं बांधायची आमच्याकडे पद्धत आहे. मी देणारं प्रत्येक पिल्लू हे बजावूनच देतो. पुण्यात असाल तर साखर नसलेलं च्युइंगम आणि चॉकलेटही असंच लांब ठेवा.

कॅल्शियमची पावडर दुकानदार गळ्यात मारतोच. नीट खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं सुधरण्याऐवजी बिघडतात. गाभण मादीलाही मी देत नाही. वरून आयतं मिळत गेलं की तिचं अंग हाडातून कॅल्शियम काढायचं विसरतं, आणि व्यायल्यावर दूध जोरात सुरू झालं की एकदम कमी पडतं. माझ्या हरणी नावाच्या कुत्रीला तसं झालं होतं: पिल्लं 18 दिवसांची, रात्री ती थरथरायला लागली, पाय ताठ, अंगात 105 ताप. डॉक्टरने शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं आणि अर्ध्या तासात कुत्री उठून बसली. त्या रात्री घरचा उपाय शोधत बसलो असतो तर सकाळ बघितली नसती.

शरीराबद्दल एक सांगून ठेवतो, कारण शहरात यावरून हमखास गोंधळ होतो. कारवानी बारीकच असतो. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत, कमरेची दोन हाडं जाणवली पाहिजेत. शेजारीण म्हणेल उपाशी ठेवताय. म्हणू द्या. लॅब्राडोरसारखा गुबगुबीत केलेला कारवानी सांध्यांनी लवकर बसतो. डॉक्टरकडे नेलंत तर पहिल्याच भेटीत सांगा की हा साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार हेरून पळणारा कुत्रा आहे. या अंगकाठीच्या कुत्र्यांत चरबी फार कमी असते. ग्रेहाउंडबद्दल तर पक्कं माहीत आहे की भुलीची काही जुनी इंजेक्शनं त्यांच्या अंगातून फार हळू उतरतात. ग्रेहाउंडचं रक्तही दाट असतं आणि थायरॉइडचा आकडा मुळातच खाली असतो, त्यामुळे इतर जातींच्या मापाने बघितलं तर नसलेलं दुखणं कागदावर उमटतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने अशाच रिपोर्टवरून आठ महिने थायरॉइडची गोळी चारली होती.

गोचीड हा मात्र खरा वैरी. पिसवा, उवा चालतात एकवेळ. आपल्याकडचा तांबूस गोचीड कुत्र्याच्या अंगावर थोडाच वेळ असतो. रक्त पिऊन तो उतरतो आणि भिंतीवर चढतो. रात्री बॅटरी घेऊन कुत्र्याच्या खोलीतली दगडी भिंत बघा. फटीफटीत राखाडी मणी बसल्यासारखे दिसतील, आणि त्यांच्याखाली तपकिरी साबुदाण्याचा ढीग. एकेक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला कडुलिंबाचं तेल चोळत बसता आणि फौज सगळी भिंतीत. म्हणून मी आधी जागा धरतो. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीच्या आधी, सगळं बाहेर काढून फटींवरून गॅसचा बर्नर फिरवतो, मग फटी सिमेंटने बुजवतो आणि वर चुना. बारदानं जाळून टाकतो, नवी घालतो. आवारात दहा-बारा गावठी कोंबड्या सोडलेल्या आहेत, त्या दिवसभर टिपत असतात. कारवानीला कोंबडीच्या मागे न लागायला शिकवायला मला जितका वेळ लागला तितक्यात पोरगं दहावी झालं, ती गोष्ट वेगळी. आणि रोज संध्याकाळी हात फिरवणं: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी, गळपट्ट्याखाली. सापडला की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. नखाने चिरडायचा नाही.

कडुलिंबाचा पाला मी अंथरुणाखाली घालतो, धुरीही देतो. पावसाळ्यात माश्या-डासांना थोडा फरक पडतो. गोचिडाला तो पुरत नाही, हे मान्य करायला मला दहा वर्षं लागली आणि एक कुत्री गेली. पवळीचीच भाची होती. आठवडाभर नीट खाईना. मला वाटलं उन्हाळा आहे. एक दिवस अंगणात नाकातून रक्ताचे थेंब पडलेले दिसले. हिरडी बघितली तर पांढरी फटक, आणि पोटावर टाचणीच्या टोकासारखे लाल ठिपके. गोचीडताप. रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी संपत आल्या होत्या. वेळेत धरला तर डॉक्सिसायक्लीनचा 28 दिवसांचा कोर्स बहुतेकांना उठवतो, पण मी काढे देण्यात बारा दिवस घालवले होते. आता ज्यांचं बाहेर जाणं-येणं जास्त आहे त्यांना मी मार्चपासून पाऊस संपेस्तोवर तीन महिने चालणारी गोळी देतो. झटके येणाऱ्या कुत्र्याला ती जपून द्यावी लागते, म्हणून डॉक्टरला विचारूनच. बाकीच्यांचं भिंती आणि हातांवर भागतं. तुम्ही फ्लॅटमध्ये असाल तर भिंतीतल्या फटी कमी, काम सोपं. पार्किंगमधल्या भटक्या कुत्र्यांच्या बसायच्या जागेपासून पिल्लू दूर ठेवा.

आता लस. मी एके काळी तुमच्यासारखाच होतो. आईचं पहिलं दूध पोटभर मिळालं की पिल्लाला लस कशाला, असं मी लोकांना सांगायचो. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. जन्मल्यापासून पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातून आईची ताकद पिल्लात जाते, आणि हे दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. म्हणून वेत झालं की पहिली रात्र मी तिथेच झोपतो आणि प्रत्येक पिल्लू सडाला लागलंय का बघतो. पण ती उसनी ताकद सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागते, कुणाची लवकर, कुणाची सोळाव्या आठवड्यापर्यंत. ती अंगात आहे तोवर लसही धरत नाही. म्हणूनच एकच डोस पुरत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत द्यावे लागतात.

2009 च्या उन्हाळ्यात हरणीची 9 पिल्लं होती, सात आठवड्यांची. एक माणूस पिल्लं बघायला आला. तो आधी आठवडी बाजारात कुत्री बघून आला होता, हे मागून कळलं. पाचव्या दिवशी एक पिल्लू कोपऱ्यात बसलं. संध्याकाळी उलटी, रात्री रक्ताची हगवण. पार्व्हो विषाणूच्या हगवणीचा तो वास एकदा नाकात गेला की आयुष्यात विसरत नाही. आम्ही डाळिंबाच्या सालीचा काढा दिला, बेलफळ दिलं, तांदळाची पेज दिली. साध्या हगवणीला सालीचा काढा मी अजूनही देतो, उतार पडतो. पण इथे आतड्याचं अस्तरच सुटून येत होतं. सात पिल्लं गेली. दोन वाचली ती सलाइनवर. चपलेच्या तळव्याला चिकटून आलेला विषाणू मातीत वर्षभर तग धरतो. साबण, फिनेल, गोमूत्र कशालाही दाद देत नाही. लागतं ते ब्लीच, एकाला तीस पाणी. त्या खोलीत मी वर्षभर पिल्लं ठेवली नाहीत. आता बाहेरून येणाऱ्याने चपला फाटकाशी काढायच्या आणि लस पुरी होईस्तोवर पिल्लं लांबूनच बघायची. पाव्हणे फुगतात.

तेव्हा तुमच्या पिल्लाची पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन विषाणूंच्या रोगांवरची लस, तीन महिन्यांचं झालंय म्हणजे रेबीजची, आणि पुण्याच्या पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोची, ही द्याच. औषध कमी करायचंच असेल तर जागा वेगळी आहे. पहिला कोर्स आणि सहा महिने ते वर्षाच्या आतला पुढचा डोस नीट झाला की पार्व्हो-डिस्टेंपरची लस दर वर्षी टोचायची गरज नाही, तीन वर्षांनी पुरते, असं जगभरच्या छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेचंच म्हणणं आहे. लेप्टोची वर्षाला लागते. रेबीजमध्ये काटकसर करू नका, ती आपल्याकडे दर वर्षीच द्या. पिसाळलेलं जनावर मी दोनदा पाहिलंय. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा, चुना-मिरची काही भरायची नाही.

जंताच्या गोळीचंही तसंच. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात, त्यामुळे दोन आठवड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. फुगलेलं पोट आणि रुक्ष केस म्हणजे जंत, एवढं गावातल्या म्हातारीलाही कळतं. पपईच्या बिया, कडू जिरं सगळं करून झालंय. थोडेफार पडतात, सगळे पडत नाहीत. मोठ्या कुत्र्यांना मात्र मी डोळे झाकून दर महिन्याला गोळी देत नाही. विष्ठा तपासून घेतो आणि लागली तर देतो.

घरचे उपाय मी टाकून दिलेत असं समजू नका. मोठ्या कुत्र्याचं पोट बिघडलं, पण ते हसतंखेळतं असलं, की एक दिवस लंघन आणि मग दहीभात. पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही, ते काही तासांत ढासळतं. तळवे फुटले की खोबरेल. खरचटलं की मिठाचं पाणी. बाळंतिणीला गुळाची पेज. जे करत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे: लूत लागली की गाडीचं जळकं ऑइल फासतात, ते कातडीतून आणि चाटून पोटात जातं. पिल्लू फिट येऊन पडलं की तापलेल्या विळ्याने डाग देतात. गोचिडाला रॉकेल, अंथरुणात डांबराच्या गोळ्या, कापूर. यातलं सगळं ‘नैसर्गिक’ किंवा ‘पारंपरिक’ या नावाखाली अजून चालतं. कधीकधी सरळ शेतातला फवारा अंगावर मारतात. माझ्या शेजाऱ्याची दोन कुत्री डाळिंबाच्या बागेत तोंडाला फेस येऊन पडली होती.

पळवण्याचं विचारलं नाहीत, पण तेच या जातीचं खरं टॉनिक आहे. साखळी धरून तासभर चालणं म्हणजे कारवानीला व्यायाम नव्हे. त्याला आठवड्यातून तीन-चार वेळा सोडून दहा मिनिटं जीव तोडून पळायला कुंपणाची जागा हवी. एक वर्षाचं होईस्तोवर मोटरसायकलमागे किंवा डांबरावर पळवू नका, वाढीची हाडं कोवळी असतात. आमच्याकडे सुगी झाली की मोकळ्या रानात सोडतो. सशामागे मात्र सोडत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार बंद आहे आणि पोरांनी हौसेने केलेल्या असल्या व्हिडिओंवरून गुन्हे दाखल होतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर. जीभ लांब, लाळ घट्ट आणि पाय लटपटायला लागले की पोट, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवून पंखा लावायचा आणि तसंच दवाखान्यात न्यायचं.

पुढे मादी लावायचा विचार असेल तर आणखी एक. रस्त्यावरच्या कुत्र्याशी लागली की आपल्याकडे एक गाठ येऊ शकते, योनीत किंवा लिंगावर फुलकोबीसारखी, आणि रक्त गळतं. तो कॅन्सरच असतो, पण कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा. इंजेक्शनच्या कोर्सने बहुतेक वेळा बरा होतो. मी नर लावायच्या आधी दोघांनाही उलटंपालटं करून बघतो, आणि समोरचा मालक लाजला तर परत पाठवतो.

पिल्लू आज घरी आहे तर आजच एक करा. त्याचा वरचा ओठ उचला आणि हिरडी बघा. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. मग काखेत, मांडीत, कानात हात फिरवा, आणि थर्मामीटर लावून ताप टिपून ठेवा, 101 ते 102 च्या आसपास येईल. हे निरोगी असताना आठ दिवस केलंत की तुमचा हातच तुम्हाला सांगेल काय बिघडलंय. आधीच्या मालकाने लसीचं कार्ड दिलं असेल तर त्यावर बाटलीचं स्टिकर आणि तारीख आहे का बघा. नुसतं पेनाने ‘लस दिली’ लिहिलेलं असेल तर दिलेली नाही असं धरून डॉक्टरकडून पहिल्यापासून सुरू करा.